बालवाणी आणि घरची झाकली मूठ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नागपूर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. अशा प्रसंगी वक्त्याने समाजाचा उत्कर्ष, तरुण पिढीची कर्तव्ये किंवा विवाहखर्चाला आळा यांपैकी एखादा विषय घ्यावा असा परिपाठ आहे. या तिन्ही विषयांवर आपण सर्वांनी इतकी भाषणे ऐकली आहेत की ती पुन्हा होण्यासाठी आता वक्त्याची गरजही उरलेली नाही. आमचे आयुष्य बालकमंदिरात, तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या सहवासात गेले. तेव्हा ही मंडळी आपल्या घराविषयी जे बोलतात त्याविषयी आज काही सांगावे असे आम्ही ठरविले. समोर बसलेल्या काही पालकांच्या चेहऱ्यांवर आताच चिंता दिसू लागली आहे. त्यांनी निर्धास्त असावे. आम्ही कोणाचेही नाव घेणार नाही, आणि खुणाही अशा बदलल्या आहेत की शेजाऱ्यालासुद्धा ओळख पटू नये.

बालकमंदिरात सकाळी प्रार्थना आटोपली की मुले सतरंजीवर गोल करून बसतात. ही गप्पांची वेळ. बाईंनी फक्त विचारायचे, "काल घरी काय झालं?" नंतर त्यांना बोलावे लागत नाही. एक मुलगी सांगते, "आमच्या आजीचे दात रात्री वाटीत झोपतात आणि आजी गादीवर झोपते." दुसरा सांगतो, "बाबांनी आईला साडी आणली. आई म्हणाली छान आहे. मग मावशीला फोन करून म्हणाली, छान नाही." तिसरा, अगदी गंभीरपणे, "आमची काकू वेगळी चूल मांडणार आहे, पण अजून कोणालाच सांगायचं नाही आहे." ही बातमी त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या कानी जाण्यापूर्वी आमच्या सतरंजीवर येऊन पोहोचली होती. बाकीच्या वीस मुलांना त्यात काडीचेही नवल वाटले नाही. त्यांना आजीच्या दातांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत होता. दात झोपेत कूस बदलतात काय, याविषयी बराच वेळ चर्चा झाली.

नागपूरकरांना या बालवाणीचा प्रसाद वर्षातून एकदा हटकून मिळतो, तो तान्ह्या पोळ्याला. मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चिमुकली मुले नटूनथटून, लाकडी नंदीची दोरी हाती धरून दारोदार जातात आणि घरोघरी त्यांच्या हातावर बोजारा ठेवला जातो. भोसल्यांच्या कारकिर्दीपासूनची ही रीत आजही आपल्या वस्त्यांत टिकून आहे. एरवी आईचे बोट सोडून दुसऱ्याच्या ओसरीवर न चढणारी ही मंडळी त्या दिवशी पाहुणे म्हणून घरात येतात, आणि पाहुण्याने दोन शब्द बोलावेत हे त्यांनाही कळते. आमच्या परिचयाच्या एका बाईंनी अशाच एका नंदीवाल्याच्या हातावर पाच रुपयांचे नाणे ठेवले. त्याने ते उलटसुलट पाहिले आणि समाधानाने मान डोलावीत म्हटले, "हौ, आई म्हणालीच होती, तुम्ही पाचच द्याल म्हणून." मुलाची आई फाटकाशी उभी होती. पुढील काही क्षण तिने त्या नंदीचे शिंग रंगवण्यात काही कसूर राहिली आहे काय हे अत्यंत बारकाईने तपासले.

त्याच दिवशी मारबतीची मिरवणूकही निघते. काळी आणि पिवळी मारबत आणि त्यांच्याबरोबरचे बडगे. वर्षभर ज्यांच्याविषयी लोक घरात बसून कुजबुजतात त्यांची नावे त्या दिवशी बडग्यांच्या गळ्यातील पाट्यांवर मोठ्या अक्षरांत येतात, आणि सारे शहर ती मोठ्याने वाचते. खरे बोलण्यासाठी प्रौढांना असा एक दिवस, ढोलताशे आणि हजारोंची गर्दी लागते. नंदीवाल्याला यांतले काहीच लागत नाही.

आता हा सरळपणा लग्नकार्याच्या प्रसंगी काय करतो, हे आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक केंद्रातील कार्यकर्ते आमच्यापेक्षा अधिक जाणतात. एके ठिकाणी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. बैठकीच्या खोलीत सहा सुंदर खुर्च्या मांडल्या होत्या. वरपक्षाकडील वडीलधारे गृहस्थ टेकून बसताच वधूचा धाकटा भाऊ त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "आजोबा, यावर पाणी सांडू नका. या जोशीकाकूंच्या आहेत. तुम्ही गेले की परत द्यायच्या आहेत." (काकूंचे आडनाव अर्थातच आमच्या पदरचे.) खोलीत जी शांतता पसरली ती आपण कल्पनेने जाणावी. ती सोयरीक पुढे जुळली नाही हे खरे. पण ती पत्रिकेवरून मोडली, खुर्च्यांवरून नव्हे. त्या आजोबांनी तर निघताना मुलाला जवळ घेऊन सांगितले म्हणे की आमच्याकडेही दोन खुर्च्या अशाच येतात.

हे प्रसंग ऐकून आपण हसतो. 'मुले म्हणजे देवाघरची फुले' असे म्हणतो आणि विषय संपवितो. या फुलांची एवढी स्तुती करण्यास आमचे मन धजत नाही. सत्यप्रीती हा सद्गुण आहे, आणि सद्गुणाला मोह आवरावा लागतो. तीन वर्षांच्या मुलापुढे लपविण्याचा मोहच उभा राहिलेला नसतो. त्याचे कारण मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या मार्मिक रीतीने शोधून काढले आहे. १९८३ साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर या दोन संशोधकांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा आपले चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो बाहेर असताना त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कोठे शोधील? आपण म्हणू, जेथे त्याने ठेवले होते तेथे. तीन वर्षांची मुले मात्र दुसरे कपाट दाखवितात. चॉकलेट तेथे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे ते मॅक्सीलाही ठाऊक असणारच, अशी त्यांची समजूत असते. चार वर्षांच्या पुढे हळूहळू उमगू लागते की आपल्या डोक्यात जे आहे ते दुसऱ्याच्या डोक्यात असतेच असे नाही.

हा प्रयोग आम्ही वाचला तेव्हा काकूंच्या वेगळ्या चुलीचा उलगडा झाला. 'कोणाला सांगायचं नाही' हे शब्द त्या मुलाने ऐकले होते आणि बातमीबरोबर तेही इमानाने पोहोचते केले होते. परंतु गुपित म्हणजे काय, हे समजण्यासाठी एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही अशी दोन मने कल्पावी लागतात. त्याच्या लेखी अजून सर्वांचे मिळून एकच मन होते. 'बाबा घरात नाहीत असं सांग' या आज्ञेवर 'बाबा म्हणाले, ते घरात नाहीत' असे उत्तर देणाऱ्या मुलाचा विनोद फार जुना आहे. पण त्या मुलानेही निरोप अक्षरशः बरोबर दिलेला असतो. तो आपलाच म्हणून द्यायचा होता, एवढीच बाब त्याच्या ध्यानी आलेली नसते.

मात्र हा सत्यवादी वर्ग दिसतो तितका सरळही नाही. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली या कॅनडातील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलाच्या पाठीमागे खेळणे ठेवून 'वळून पाहू नकोस' असे बजावून प्रयोग करणारी व्यक्ती खोलीबाहेर गेली. बहुतेक मुलांनी पाहिलेच. नंतर विचारल्यावर तीन वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनी कबुली दिली. त्याहून मोठ्यांपैकी बहुतेकांनी साफ नाकारले. पण 'मग ते काय असेल बरे?' असे पुढे विचारताच नाकारणाऱ्यांतील कित्येक चिमुकल्यांनी त्या खेळण्याचे नाव तत्काळ सांगून टाकले! खोटे बोलणे त्यांना साधले होते, ते निभावणे साधले नव्हते. याच संशोधकांनी केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात नाकावर लाल रंगाचा डाग असलेल्या व्यक्तीने मुलांना विचारले, 'फोटोसाठी मी ठीक दिसतो ना?' बहुतेक मुले 'हो' म्हणाली, आणि ती व्यक्ती गेल्यावर दुसऱ्याला खरे काय ते सांगून मोकळी झाली. साडीच्या बाबतीत त्या मातेने जे केले तेच हे. शिकवण घरातूनच सुरू झालेली दिसते.

ही शिकवण कशी चालते? मूल पाहुण्यांसमोर काही बोलते, आई डोळे वटारते, आजी मांडीला हळूच चिमटा काढते. मुलाला आपण काय चुकलो ते कळत नाही, कारण आपण बोललो ते खरे होते हे त्याला पक्के ठाऊक असते. झां पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नीतिकल्पनांवर ग्रंथ लिहिला, त्यात एक गंमत नोंदविलेली आहे. कुत्र्याला भ्यालेला मुलगा घरी येऊन सांगतो की मी गाईएवढा कुत्रा पाहिला. दुसरा सांगतो की आज शाळेत मला चांगले गुण मिळाले, आणि ते खोटे असते. यांतले मोठे खोटे कोणाचे? लहान मुले म्हणतात, गाईएवढ्या कुत्र्याचे. कारण गाईएवढा कुत्रा कधी असतच नाही. चांगले गुण तर केव्हातरी मिळतात. फसविण्याचा हेतू त्यांच्या हिशेबात येतच नाही. मोठ्या माणसाने हेतू ओळखून खोटे तोलावे अशी अपेक्षा असते. आता एक आई आपल्या मुलाला शाळाप्रवेशाच्या मुलाखतीसाठी पढविते की टीव्ही पाहत नाही असे सांग, रोज फळे खातो असे सांग. मुलाखत घेणाऱ्या बाई विचारतात, "बाळ, सकाळी काय खातोस?" आणि बाळ आईकडे वळून विचारते, "तू सांगितलं ते सांगू, का खरं सांगू?" हा प्रसंग आमच्या नात्यातच घडला, म्हणून खात्रीने सांगतो. प्रवेश मिळाला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनाही बहुधा लहान मुले असावीत.

इथवर हसण्यासारखे आहे. यापुढील गोष्ट सांगावी की न सांगावी, याचा आम्ही विचार केला. परंतु तीच सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

एके सकाळी गप्पांच्या वेळी कोण काय पिऊन आले हा विषय निघाला. एक पाच वर्षांचा मुलगा म्हणाला, "मी दूध पितो. ताई चहा पिते." आमच्या सहकारी बाईंनी सहज विचारले, "ताईला दूध आवडत नाही का?" तो म्हणाला, "आवडते. पण दूध माझं असते." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, फुशारकीही नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो असे जितक्या सहज सांगावे तितक्या सहज त्याने ते सांगितले. ताई सात वर्षांची होती आणि ते घर खाऊनपिऊन सुखी होते. वडील आपल्या समाजात मान असलेले गृहस्थ, स्त्रीशिक्षणावर याच व्यासपीठासारख्या व्यासपीठांवरून बोललेले. आम्ही त्यांच्या घरी अनेकदा जेवलो होतो आणि आम्हांला काही दिसले नव्हते. दिसणार तरी कसे? पाहुण्यांसमोर दोन्ही मुलांच्या हाती दुधाचे पेले असत.

आणखी एक मुलगी, चार वर्षांची, बाहुलीघरात खेळत असे. जेवणाचा खेळ रोज तोच. आधी बाबा बाहुल्याला वाढायचे, मग दादाला, मग आजीला. सर्वांचे झाले की आई बाहुलीला उचलून भिंतीकडे तोंड करून बसवायची. विचारले, "ही भिंतीकडे काहून बसली ग?" मुलगी म्हणाली, "ती आता रडून घेईल. मग जेवील." हेही असेच, वाटीत दात झोपतात त्या चालीवर.

बंधुभगिनींनो, आपल्या समाजाची माहिती आपण अनेक मार्गांनी गोळा करतो. कुटुंबसूची छापतो, शिक्षण आणि नोकरी यांचे रकाने भरून घेतो, गुणवंतांचे फोटो स्मरणिकेत देतो. या कोणत्याही रकान्यात दुधाचा पेला येत नाही. तो आम्हांला कळला तो अशा एका साक्षीदाराकडून, ज्याला आपण साक्ष देतो आहोत हेच ठाऊक नव्हते. आणि हा साक्षीदार फार दिवस टिकत नाही. सहावे सातवे वर्ष लागले की तोही झाकली मूठ सव्वा लाखाची हे शिकतो. मग त्याच्याकडून आपल्याला फोटोसाठी सारे ठीक दिसते एवढेच ऐकू येते.

मूल सांगते ते ऐकून पुढे काय करायचे, हा खरा कठीण प्रश्न. त्या मुलाच्या घरी जाऊन 'तुमचा चिरंजीव असे म्हणाला' असे सांगितले, तर दूध वाटून मिळण्याऐवजी चिरंजीवाला चापट मिळण्याचाच संभव अधिक. आमच्या बाईंनी तसे केले नाही. त्यांनी सर्वच पालकांच्या सभेत भाऊबहिणींच्या आहाराविषयी बोलणे काढले, कोणाकडेही न पाहता. मुलाच्या आईने खाली मान घातली. दोन आठवड्यांनी मुलगा नाराज होऊन म्हणाला, "आता मला अर्धंच दूध मिळते." आमच्या बाईंना त्या दिवशी फार आनंद झाला, पण चेहऱ्यावर तो न दिसू देता त्यांनी मुलाचे सांत्वन केले. बाहुलीघरातील मुलीच्या बाबतीत इतके सरळ काही घडले नाही. तिची आई एकदा आली, पुष्कळ बोलली, आणि पुन्हा आली नाही. पुढे त्या कुटुंबाची बदली झाली.

या बाबतीत ज्यांच्यापासून आम्ही शिकलो त्या ताराबाई मोडक यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. विवाहानंतर त्या काही वर्षे अमरावतीस होत्या, त्यामुळे वऱ्हाडचा त्यांच्यावर थोडा हक्क पोहोचतो. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या खेड्यात जाऊन बसल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम उभारले. बोर्डीत हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत नेली. अंगणवाडी या शब्दाचे मूळ तेथे आहे. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द गावोगाव गेला. आम्हांला या घटनेत नेहमी एक वेगळीच गोष्ट दिसते. शाळा अंगणात भरली की घर आणि शाळा यांच्यामध्ये भिंत उरत नाही. बाई चूल पाहतात, चुलीवर काय आहे ते पाहतात, कोण केव्हा जेवतो ते पाहतात. मुलाला काही फोडून सांगावेच लागत नाही. आपल्या शहरी बालकमंदिरांना चांगल्या भिंती आहेत, फाटकाशी पहारेकरी आहे. त्यामुळे घरची हकीकत आणण्याचे काम तीन वर्षांच्या जिवावर येऊन पडते.

आणि म्हणूनच 'घरातलं बाहेर सांगायचं नाही' ही आपली लाडकी शिकवण आम्हांला फार सरसकट वाटते. काकूंची चूल बाहेर न सांगणे हा शिष्टाचार आहे, तो यथावकाश शिकवावा. परंतु मुलाला दोन गोष्टींतील फरक करता येत नाही. त्याला सांगितले की घरातले सांगू नको, तर त्याच्या देहाला कोणी नकोसा स्पर्श केला, तोही घरातलाच समजून ते गप्प राहील. असे करणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो आणि पान उलटतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आहे, मग तो गुन्हा घरात घडलेला असो वा बाहेर. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनीही आहे. पण कायदा आणि दूरध्वनी दोन्ही मुलाच्या तोंडून पहिला शब्द निघाल्यावर कामाला येतात. तो शब्द आपण आजीच्या चिमट्याने आधीच थांबविला असेल, तर कोणी काय करावे?

आमच्या बालकमंदिरात काही साधे नियम आहेत, ते सांगतो. मूल घरचे सांगते तेव्हा बाई हसत नाहीत, हसू आलेच तर पाठ फिरवितात. खोदून विचारीत नाहीत. ऐकलेले शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर वाटीत नाहीत. हा नियम पाळणे आजीच्या दातांच्या बाबतीत फार जड गेले हे मान्य केले पाहिजे. आणि पालकांना आमची एकच विनंती असते, की मूल घरी परतल्यावर 'आज बाईंना आपल्या घरचं काय सांगितलंस?' असे विचारू नये. एका मातेने ही विनंती मोडली. मुलाने उत्तर दिले, "मी काही नाही सांगितलं. तू बाबांना कंजूस म्हणाली, तेवढंच सांगितलं."

आपल्या विदर्भात शाळा उन्हाळा सरल्यावर जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा नवी मंडळी पुन्हा सतरंजीवर येऊन बसतील. ज्यांची मुले या वर्षी प्रथमच येणार आहेत त्या पालकांना आम्ही इतकेच सांगू इच्छितो की काही कळलेच, तर त्याची वाच्यता आमच्याकडून होणार नाही; मात्र दुधाचे बोलणे आम्ही पालकसभेत दरवर्षी काढतो आणि यंदाही काढू.

आणखी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु या भाषणानंतर चिमुकल्यांच्या नाचाचा कार्यक्रम आहे आणि ती मंडळी पडद्याआड केव्हाची चुळबुळ करीत आहेत. व्यासपीठावर चढताना मोरपिसांचा मुकुट घातलेल्या एका बालकृष्णाने आम्हांला अडवून विचारले, "तुम्हीच का ते? बाबा म्हणत होते, हे फार वेळ बोलतात." त्याचे बाबा पहिल्या रांगेतच बसले आहेत. तेव्हा आम्ही येथेच थांबतो.